जसं आहे तसं, आतल्यासकट

१

गुलाबभाऊ निमगडे वाजवल्याशिवाय कुठलीही वस्तू घेत नसत. टरबूज असो, टाईल असो की नळाची तोटी. मधल्या बोटाचं पेर वाकवायचं, एकदाच टक् करून मारायचं आणि थांबायचं. वाजवता कोणालाही येतं, थांबता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. माल पक्का असला की आवाज बोटाशी परत येतो; आत पोकळ असला की तिथंच बसून राहतो. ही विद्या त्यांना कोण्या शाळेत मिळाली नव्हती. अहेरीच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून माठ विकताना गिऱ्हाइकांनी शिकवली होती. लग्नासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हाही सवयीनं त्यांनी तिथला पाण्याचा माठ वाजवला. घरी आल्यावर आईनं विचारलं, "कशी वाटली रे?" तर म्हणाले, "पक्का हाय." ही गोष्ट तीच मुलगी, म्हणजे कांताबाई, येईल त्या पाहुण्याला सांगत आणि सांगताना दर वेळी पहिल्यांदाच घडल्यासारख्या हसत.

आता चंद्रपुरात त्यांचं टाईल आणि सिंकचं बऱ्यापैकी दुकान होतं. शहर संपतं तिथल्या एका कॉलनीत स्वतःचं घरही होतं. मुलगी साक्षी पाळण्यात असताना बांधलेलं, बैठं, पुढं कडुलिंब, मागं मोरी. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की गावभर टाईल पुरवणाऱ्या माणसाच्या घरातलीच फरशी पोकळ झाली होती. स्लॅबच्या सळया गंजून बाहेर आल्या होत्या. स्वयंपाकघर एका कोपऱ्याला बसलं होतं, तिथं ठेवलेला कांदा आपोआप मोरीकडं निघायचा. मधल्या खोलीत खिडकीपासून छतापर्यंत भेग गेली होती. तिच्यात एका टोकाला पाल शिरायची आणि दुसऱ्या टोकाला निघायची.

दुपारची जेवणं आटोपली की पलीकडच्या खाणीत ब्लास्टिंग व्हायचं. पायाखाली एक ढुशी बसल्यासारखं व्हायचं, मांडणीवरची ताटं किणकिणायची, कांताबाई बोलणं न थांबवता पाण्याचा ग्लास धरायच्या, आणि छताचा एखादा पापुद्रा पडायचा तिथं पडायचा. कॉलनीत सगळ्यांच्याच घरी हे होतं. कोणी त्याकडं लक्ष देत नसे.

घराचं काय, घर अजून दहा वर्षं रेटलं असतं. कांताबाईंची छाती रेटणार नव्हती. धुळीनं त्यांचा दम असा गेला होता की मोरीतून बादली आणताना मध्ये दोनदा भिंतीला टेकायच्या. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण खरं औषध म्हणजे यांना इथून हलवा. साक्षी गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स होती. तिनं तिकडं झाडीच्या कडेला एक लहान घर पाहून ठेवलं होतं. हे विकलं की ते घ्यायचं, असा हिशेब. म्हणजे हे घर विकलं जाणं आणि कांताबाईंनी मोकळा श्वास घेणं, या दोन गोष्टी गुलाबभाऊंच्या लेखी एकच होत्या.

२

गिऱ्हाईक पाहायला येण्याआधी आपला माल आपण पाहून घ्यावा. उन्हाळ्यातल्या एका सकाळी गुलाबभाऊ पाटावर बसले, हातात खडू घेतला आणि बैठकीतल्या टाईल ओळीनं वाजवू लागले. पोकळ निघेल तिच्यावर फुली. कांताबाई अंगणात डाळ निवडत होत्या.

"अजी, किती फुल्या झाल्या?"

"तू मोजू नको. तुले धाप लागन."

दाराजवळची ओळ झाली. दुसरी निम्मी झाली. गुलाबभाऊंनी एका टाईलवर टक् केलं, थांबले, आणि त्या थांबण्यात खालून आवाज आला. टक्.

त्यांनी खडू खाली ठेवला. पहिला विचार आला घुशीचा. कॉलनीत घुशी होत्याच. पण घूस खरडते, ती ठोकत नाही. आणि ठोकलं तरी ठोकून ऐकायला थांबत नाही. मग पाइपाचा विचार आला. पण पाइप त्या बाजूनं गेलेलाच नव्हता, तो त्यांनी स्वतः उभं राहून टाकून घेतला होता. मग आठवलं, लोक म्हणतात खाली कुठंतरी जुन्या बंद खाणीचे रस्ते आहेत. तिथं पोकळी असेल, आपलाच आवाज फिरून येत असेल. हे पटण्यासारखं होतं. त्यांनी समाधानानं पुढच्या टाईलवर बोट नेलं.

बोट टेकण्याआधीच त्या टाईलखाली टक् झालं.

आवाज फिरून येतो तो मागून येतो, आधी येत नाही. गुलाबभाऊ बराच वेळ तसेच बसले. मग व्यापारी माणूस जसं करेल तसं त्यांनी केलं, परीक्षा घेतली. मधली एक टाईल मुद्दाम सोडून पुढची वाजवली. खालचा आवाज पुढं गेला नाही. सोडलेल्या टाईलखाली तो एकदा झाला, थोडं थांबून पुन्हा झाला. ही राहिली, असं कोणी दाखवून द्यावं तसा.

"अजी, गप्प काऊन बसले?" अंगणातून आवाज आला.

"काही नाई. पाय आखडला."

३

दुसऱ्या दिवशी लच्छू मिस्त्री आला. तो गुलाबभाऊंच्याच दुकानातून माल उचलायचा, म्हणून तोंडानं मोकळा.

"भाऊ, तुमच्या घरी टाईल बसवणं म्हणजे हलवायाच्या घरी पेढे नेणं होय. दुकानात चांगला माल विकता नं घरी उरलासुरला लावता का?"

"तूच लावला होता तो उरलासुरला. काढ आता."

लच्छूनं छिन्नीनं एक फुलीवाली टाईल उचलली. खाली सिमेंटचा मसाला भरलेला होता, कुठं फट नाही. मसाला फोडला तर खाली मुरूम. त्यानं लोखंडी सब्बल हाणली, तर ती उसळून परत आली.

"पोकळ कुठी हाय जी? हा तर किल्ला हाय. तुमचा कान गेला भाऊ."

गुलाबभाऊंनी शेजारची टाईल वाजवली. आवाज बसला. लच्छूनं वाजवली. त्याच्याही हाताखाली आवाज बसला. त्यानं तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला, खड्ड्यात पाहिलं, टाईलकडं पाहिलं.

"असं होत नसते," तो म्हणाला.

तेवढ्यात खड्ड्याच्या तळाशी टक् झालं. आता मुरूम ही अशी चीज आहे की तिच्यावर हातोडा मारा, आवाज गिळून टाकते. पण हा आवाज स्वच्छ होता, चिनी मातीच्या बशीवर नख मारल्यासारखा. आणि त्यानंतर तीच शांतता, कान लावलेली.

कांताबाई चहा घेऊन आल्या तेव्हा लच्छू हात धूत होता.

"टाईल तशीच बसवून देतो भाऊ. बाकीचं दोन दिवसांनी. साळ्याचं लगन हाय आलापल्लीले."

"तुह्या साळ्याचं तर मागच्या साली झालं नं? मीच तर जेवून आलो."

"हा दुसरा हाय जी. लहाना."

चहा त्यानं उभ्यानंच घेतला. सब्बल तिथंच राहिली. ती न्यायला तो आला नाही, आणि पुढं दुकानावरही फिरकला नाही.

४

माणूस भ्यायला तरी किती दिवस भिणार? रोज जेवावं लागतं, दुकान उघडावं लागतं. त्या आवाजानं कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. तो घरभर फिरत असे. कधी बैठकीच्या टाईलखालून जाई, कधी भिंतीतून वर चढे, कधी मोरीच्या दगडापाशी येई. कांताबाईंना तो ऐकू येत नसावा. आला तरी त्यांना आपल्या छातीच्या घरघरीतून तो वेगळा कळत नसावा.

एका दुपारी गुलाबभाऊ एकटेच बैठकीत बसले होते. ब्लास्टिंग होऊन गेलं होतं. आतल्या खोलीत कांताबाईंचा डोळा लागला होता, झोपेतही खोकला चालूच होता. आवाज नेहमीसारखा फरशीखालून निघाला. ऐकता ऐकता गुलाबभाऊंच्या मनात एकाएकी लख्ख झालं की हा ठोका आपल्या ओळखीचा आहे.

अहेरीच्या बाजारात बुधरी नावाची एक म्हातारी यायची. दर बाजाराला येऊन सगळे माठ वाजवायची आणि न बोलता निघून जायची. शेजारचा दुकानदार चिडवायचा, "गुलाब, तुही सासू आली." पण तिच्यामुळं गुलाबभाऊंना टिचकीची पारख आली. वेळ घालवायला आलेला माणूस भराभरा वाजवतो. भाव पाडायला आलेला जोरात वाजवतो. आणि ज्याला खरंच घ्यायचं असतं तो हळू वाजवतो, एकदाच, आणि खूप वेळ थांबतो. बुधरीनं शेवटी एक माठ नेला तो तसाच वाजवून.

फरशीखालचा ठोका हळू होता. एकदाच होत होता. आणि थांबत होता.

म्हणजे भूतबित काही नाही, हे तर गिऱ्हाईक आहे! इतक्या दिवसांची धास्ती गुलाबभाऊंच्या अंगावरून पाण्यासारखी उतरली. त्यांना हसूही आलं. आणि जन्मभराची सवय, ती मेंदूला विचारत नाही. समोर कोणी माल वाजवून थांबलं की दुकानदाराची जीभ आपोआप हलते. त्यांनी दुकानातल्या मोठ्या, ठसठशीत आवाजात म्हटलं:

"पक्का हाय जी. घेऊन जा. जसं आहे तसं, आतल्यासकट."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जुनं कपाट विकताना, न उघडलेलं खोकं विकताना ते असंच म्हणत. आत जे निघेल ते तुमचं, चांगलं निघो की वाईट, नंतर बोलायचं नाही. भाव त्यानंतर बसत असे. या खेपेला भाव बसवायला समोर कोणी नव्हतं, म्हणून ते वाक्य तसंच हवेत राहिलं.

ठोका थांबला. आणि आतल्या खोलीत कांताबाईंचा खोकलाही थांबला. इतका एकदम, की गुलाबभाऊ धावत जाऊन पाहून आले. त्या शांत झोपल्या होत्या. छाती संथ खालीवर होत होती.

५

त्यानंतर घरात आवाज झाला नाही. पण घर बदलू लागलं.

आधी न्हाणीचं दार. ते कित्येक वर्षं गुडघ्यानं ढकलून लावावं लागे. एका सकाळी एका बोटानं लागलं. गुलाबभाऊ म्हणाले, लाकूड सुकलं असेल. मग फरशी. फुलीच्या टाईल त्यांनी सहज वाजवून पाहिल्या तर आवाज बोटाशी परत आला, एकूण एक. स्वयंपाकघरात कांदा ठेवला तिथं राहू लागला. मग भेग. तिच्यावर त्यांनी मागे काचेची बारीक पट्टी चिकटवली होती. भेग रुंदावली की पट्टी तडकते, तशी ती तडकून दोन तुकडे लांब झाले होते. आता ते तुकडे एकमेकांवर चढले होते. भिंत मिटत होती.

काळ्या मातीत असं होतं, पावसाळ्यात माती फुगते आणि भेगा मिटतात. हे गुलाबभाऊंना माहीत होतं आणि त्यांनी ते स्वतःला दोनतीनदा समजावलं. पण पायाखाली काळी माती नव्हती, मुरूम होता. आणि पाऊस नव्हता, चंद्रपूरचा मे महिना होता. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि घरात ओल्या मातीचा वास येत होता.

एका दुपारी दोघं जेवत असताना ब्लास्टिंग झालं. शेजारच्या घराच्या काचा थरथरल्या, कुत्रं भुंकलं. कांताबाईंचा हात सवयीनं ग्लासवर गेला आणि तिथंच राहिला. ग्लासातल्या पाण्यावर साधी रेघ उठली नव्हती. मांडणीवर एक ताट वाजलं नव्हतं.

"अजी," त्या म्हणाल्या, "आपलं काऊन नाई हललं?"

"चांगलं हाय नं मग. घर सुधारून राह्यलं."

"घर का माणूस हाय, आपोआप बरं व्हाले?" असं म्हणून त्या हसल्या आणि आणखी एक भाकरी त्यांनी वाढून घेतली. त्या दोन भाकरी खात होत्या, हे गुलाबभाऊंच्या तेव्हा ध्यानात आलं. आणि बोलताना मध्ये थांबत नव्हत्या.

६

घर पाहायला सूरज आणि डिंपल आले. सूरज गडचांदूरकडं सिमेंटच्या कारखान्यात होता, डिंपलला चंद्रपुरात शाळेत नोकरी लागली होती. जूनच्या आत बस्तान बसवायचं म्हणत होते. गोड जोडपं. त्यानं आल्या आल्या भिंतीवर बोट वाजवलं, तेव्हा गुलाबभाऊंना तो आवडूनच गेला.

"काका, फोनवर तर म्हणत होते मोठी दुरुस्ती हाय. हे तं पक्कं घर हाय!"

"तुमी पाहून घ्या नं सगळं. माह्या सांगण्यावर नका जाऊ."

"पाह्यलं नं. बाहेरून म्हातारं, आतून जवान." सूरज हसला. "डागडुजी कोणाकडून केली? आमच्या गावच्या घरालेही करून घेतो."



"आमी नाई केली," कांताबाई आतून म्हणाल्या.

धंद्यातल्या गोष्टी माणसाला कधी उमगतील सांगता येत नाही. आयुष्यभर गुलाबभाऊंनी दोन प्रकारची गिऱ्हाइकं पाहिली होती. जो घर विकणार असतो तो रंग नेतो, भेग दिसू नये एवढ्यापुरतं पुट्टीचं पाकीट नेतो. फरशी उकरून, पायापासून नीट करायला सामान कोण नेतो? ज्यानं ते घर घेतलेलं असतं आणि ज्याला तिथं राहायचं असतं, तोच नेतो.



"घर विकलं गेलं," ते म्हणाले.

"काय काका? कालच तं बोललो आपण."

"विकलं गेलं म्हणतो नं. एकाले दिलेला माल मी दुसऱ्याले देत नाई."

"कोणाले दिलं?"

गुलाबभाऊंनी फरशीकडं पाहिलं. सूरजचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "भाव वाढवाचा असन तं सरळ सांगा नं. आमी का पळून चाललो?"

"अहो, चला," डिंपल हळूच म्हणाली. ती मधल्या खोलीच्या दारात उभी होती. मिटलेल्या भेगेवरून तिनं हात फिरवला होता आणि आता ती आपली बोटं पाहत होती. बोटांना राखाडी ओली माती लागली होती. तिनं ती रुमालाला पुसली, रुमाल बॅगेत न टाकता अंगणात कडुलिंबाखाली टाकला, आणि मागं न पाहता गाडीवर बसली.

ते गेल्यावर गुलाबभाऊ त्या भेगेपाशी गेले. आत लिंपण भरलेलं होतं. हातानं सारवावं तसं. बोटांचे पट्टे अर्धगोल उठले होते. फक्त ते पट्टे बाहेरून आत गेलेले नव्हते. आतून बाहेर आले होते. वरच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीला, एक करंगळीएवढी फट अजून उरली होती. ते पाहत असताना त्या फटीत आतून ओली माती पुढं आली, थोडी फुगली, आणि मातीच्या मागे, क्षणभर, वाकवलेल्या बोटाचं एक पेर दिसलं. त्यानं माती दाबली आणि ते मागं गेलं. पेरावर घट्टा होता. फार वाजवणाऱ्या माणसाला जिथं पडतो, तिथंच.

गुलाबभाऊंनी आपलं बोट मुठीत झाकून घेतलं.

७

त्यांनी साक्षीला फोन केला. घर विकायचं राहिलं तर राहू दे, उद्या मायले घेऊन येतो म्हणाले. पोरगी घाबरली, "तब्येत जास्त हाय का बाबा?"

"नाई. चांगली हाय," ते म्हणाले.

सकाळी त्यांनी कांताबाईंची पिशवी भरली. कांताबाई पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या.

"मले नाई यावाचं जी. कायले जावाचं? मले इथी बरं वाटून राह्यलं."

"दोन दिवस. पोरीले भेटून येऊ."

"तिलेच बोलवा नं इकडं."

गुलाबभाऊ वाकून त्यांच्या पायात चप्पल घालू लागले. कांताबाईंच्या टाचा लग्नाच्या आधीपासून भेगाळलेल्या. शेतातल्या चिखलात गेलेलं लहानपण टाचेत राहतं, ते कोकमानंही जात नाही आणि मेणानंही. आज टाच हाताला गुळगुळीत लागली. त्यांनी ती उजेडाकडं वळवली. भेगा होत्या तिथं होत्या. भरल्या होत्या. राखाडी, घट्ट, नीट सारवून. त्यांनी नखानं कोरून पाहिलं. निघेना. जरा जोर लावला तेव्हा एक कण निघाला, आणि त्याखाली कातडी नव्हती, आणखी तेच होतं, खोलवर.

"काय करून राह्यले जी?" कांताबाई खळखळून हसल्या. "गुदगुल्या होते."

किती दिवसांनी त्या अशा हसत होत्या! गुलाबभाऊंनी तो पाय छातीशी धरला.

ऑटोत बसवलं तेव्हा त्या चिडल्या होत्या, पण ठीक होत्या. फाटक ओलांडलं, शेजारची चार घरं गेली. कॉलनीच्या तोंडाशी, जिथून मूल गावाकडं जाणारा रस्ता लागतो, तिथं त्यांचं बोलणं अडलं. मग श्वास अडला. ओठ राखाडी झाले. त्यांनी पदर तोंडाला लावून एक कोरडा खोकला काढला आणि पदरात वाळल्या मातीचं पीठ पडलं. एका हातानं त्या गुलाबभाऊंची बाही ओढत होत्या, दुसऱ्या हातानं मागं दाखवत होत्या.

"घरी. घरी न्या."

"दवाखान्यात नेऊ भाऊ?" ऑटोवाल्यानं विचारलं.

गुलाबभाऊंनी क्षणभर पुढचा रस्ता पाहिला. तो रस्ता पुढं सावली गावावरून, झाडीतून, सरळ साक्षीच्या दारात जात होता. कांताबाईंचे डोळे फिरू लागले. ते म्हणाले, "मागं घे."

फाटकाच्या आत पाऊल पडताच श्वास परत आला. दारात येईपर्यंत ओठांवर रंग आला. कांताबाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसल्या. घर विकून बाईला सोडवायला निघालेला माणूस अंगणात उभा राहून त्या सुपाचा आवाज ऐकत राहिला.

८

ऊन अंगणातून वर सरकलं तेव्हा गुलाबभाऊ बैठकीत आले, दार ओढून घेतलं आणि फरशीवर पालथे झाले. गाल टाईलवर टेकवला. टाईल गार होती, माठासारखी.

"ऐकता का जी," ते हळू आवाजात म्हणाले. दुकानातला आवाज त्यांना सापडेना. "सौदा अजून झाला नाई. भाव नाई बसला आपला. भाव बसल्याबिगर सौदा होत नसते, हे तुमालेही माहीत असन."

खाली काही नव्हतं. स्वयंपाकघरात सूप चालू होतं.

"घर घ्या. मी काही मागत नाई. पण ते आतल्यासकट म्हणालो, तवा मले ध्यान नवतं. बाईमाणूस त्यात नवतं. तिची पोरगी वाट पाहून राह्यली तिकडं." त्यांनी गाल फरशीवर आणखी दाबला. "आत काही तरी पाह्यजेच असन तं मी आहो. तिच्या बदल्यात. मी काही म्हणत नाई की घ्याच. वाजवून पाहा. पटलं तं घ्या."

बराच वेळ गेला. मग त्यांच्या पायाच्या अंगठ्याखाली टक् झालं.

ते हलले नाहीत. ठोका गुडघ्याखाली आला. मांडीखाली आला. घाई नव्हती, जाणता माणूस होता. पोटाखाली आला, तिथं थोडा जास्त थांबला. मग छातीच्या मधोमध, बरगड्या जिथं टाईलला टेकल्या होत्या त्याच्या बरोबर खाली, एक हळू ठोका पडला. आणि शांतता.

आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाचा आवाज ऐकणाऱ्या गुलाबभाऊंनी त्या शांततेत स्वतःचा आवाज ऐकला. तो परत गेला नाही. आत उतरला आणि तिथंच बसून राहिला.

खालच्यानंही तो ऐकला असावा, कारण त्यानं दुसऱ्यांदा वाजवलं नाही. ठोका त्यांच्या अंगाखालून निघाला, दाराच्या दिशेनं गेला, उंबऱ्याखालून पलीकडं, मधली खोली, मग स्वयंपाकघर. गुलाबभाऊंना ओरडायचं होतं. पण जो माल घेतला गेला नाही, त्यानं गिऱ्हाइकाला काय हाक मारावी?

सूप थांबलं.

"हो, येते," कांताबाई म्हणाल्या. कोणी आपल्या माणसानं बोलावल्यावर म्हणावं तसं, सहज. सूप भिंतीला टेकवून ठेवल्याचा आवाज आला. पदर झटकल्याचा आला. मग त्यांची पावलं.

ती दाराकडं आली नाहीत. मोरीकडंही गेली नाहीत. एक वाजलं, दुसरं त्याच्याहून खाली वाजलं, तिसरं त्याच्याहूनही खाली. जिना उतरताना वाजतात तशी. गुलाबभाऊंनी कान फरशीला दाबून धरला आणि ती पावलं आपल्याखालून जाताना ऐकली. खोल, आणखी खोल, एका चालीनं.

मध्ये एकदाही त्या दम घ्यायला थांबल्या नाहीत.